वेगळा कॅन बंद करणाऱ्या शालनताई

ज्यांना कामावरून काढायला मी स्वतः गेलो होतो, त्या शालनताई आज सकाळी गेल्या.

आमच्या दूध संस्थेच्या टेस्टर. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वाडीत त्यांना ओळखत नाही असं घर नाही. बाहेरच्या मित्रांसाठी जरा सविस्तर लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी संस्थेचा सेक्रेटरी. तोवर आमच्याकडं दूध तपासायचं म्हणजे लॅक्टोमीटर बुडवायचा आणि बाकी माणसाचं तोंड बघून ठरवायचं. चेअरमन आप्पांचं दूध कधी पातळ निघाल्याचं मला आठवत नाही.

मग ज्या दूध संघाला आम्ही दूध घालायचो त्यांनी कळवलं, भाव आता फॅटवर, दुधातलं फॅट मोजायचं मशीन बसवा, नाहीतर दूध घेणार नाही.

मशीन आलं. ते शिकायला तीन दिवस दौंडला कोण जाणार? कांदा काढणी चालू होती. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना वाटत होतं, हे खेळणं महिन्याभरात बंद पडणार.

शालनताई गेल्या. बौद्ध वस्तीतल्या, बारावी पास, नवरा रांजणगावला कंपनीत. चौफुल्याला गाडी बदलून तिन्ही दिवस ये-जा केली. वही भरून लिहून आणलं.

दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून आम्ही त्यांना पाठवलं. शिकून आल्यावर त्याच मशीनवर बसतील, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कारण आमच्याकडं एक पद्धत होती. कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती. वस्तीचं दूध सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं, आणि वेगळ्या कॅनमध्ये. पुढं संघाच्या टाकीत सगळं एकच व्हायचं. पण ते आमच्या डोळ्याआड.

आता प्रत्येकाच्या बादलीत नमुन्याची पळी बुडवणार शालनताई.

चार दिवस कुरबुर झाली. पाचव्या दिवशी आप्पांनी मला बोलावून सांगितलं की तिला थांबव, मशीन माझा पुतण्या बघेल.

मी गेलो. मला माझी नोकरी टिकवायची होती.

"शालन, उद्यापास्नं येऊ नको."

"काम चुकलं का माझं?"

"न्हाई."

"मग कशापायी काढलं त्ये कागदावर लिहून द्या, भाऊ."

ऑफिसात येऊन रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली, नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

रकाना तसाच सोडून घरी गेलो. त्यांना कागद काही दिला नाही.

इकडं पुतण्याच्या हाती मशीन गेलं आणि वाडीला सुगीचे दिवस आले. गाईच्या दुधाला म्हशीचं फॅट लागायला लागलं. जो तो खूष. एकानं तर मशीनपुढं नारळ फोडला.

मग संघाची चिठ्ठी आली. तुमच्या रजिस्टरातलं फॅट आणि आमच्याकडं लागलेलं फॅट यांचा मेळ बसत नाही, सुधारणा करा, नाहीतर दूध बंद.

पुतण्यानं मशीन एकदाही धुतलं नव्हतं. रोज आधी 'झिरो' सेट करायचं असतं हेही त्याच्या गावी नव्हतं. नळीत साय साचली होती आणि आम्ही तिच्यावर नाचत होतो.

दूध बंद म्हणजे संस्थाच बंद. मी पुन्हा शालनताईंकडं गेलो.

त्या रोजानं कांदा काटायला जात होत्या. बांधावर उभा राहून म्हणालो, "ताई, चला." मला फार लाज वाटत होती.

त्यांनी विळा थांबवला नाही.

"येते. पण जो आधी आला त्याचं दूध आधी घ्यायचं. आन् आमच्या वस्तीचा कॅन येगळा न्हाई ठेवायचा. आप्पांचा शब्द आणा, मग मशीनला हात लावते."

पगाराबद्दल एक अक्षर नाही.

आप्पांनी ऐकून संघाची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तिच्याबिगर जमतच न्हाई का?"

"न्हाई जमत, आप्पा."

"मग मला काय इचारतोस."

आप्पांचं मनपरिवर्तन वगैरे काही झालं नव्हतं. चिठ्ठी समोर होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिले उभे होते वस्तीतले दगडू मामा. त्यांच्यामागं काहीजण सोडून आप्पा. एरवी त्यांचा गडी दूध आणायचा, त्या दिवशी स्वतः बादली घेऊन आले होते.

आप्पांचं फॅट कमी लागलं. नीट बघ म्हणाले. ताईंनी दुसऱ्यांदा नमुना लावला. तेवढंच. आप्पा "बरं" म्हणाले आणि मामांचं दूध होतं त्याच कॅनमध्ये त्यांचंही गेलं.

तीन घरं रागानं तळेगाव ढमढेऱ्याकडच्या खाजगी डेअरीला दूध घालायला लागली. दोन परत आली. एक अजून आलेलं नाही. नसू दे.

पुढं संस्थेला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिका मी लिहिली. 'काळाची पावले ओळखून संस्थेने आधुनिक तंत्रज्ञान स्वीकारले.' आप्पांचं नाव, सगळ्या संचालकांची नावं, माझंही नाव. शालनताईंचं नाही.

घाईत राहून गेलं, असं मी स्वतःला समजावलं. राहून गेलं नव्हतं. त्यांचं नाव घातलं असतं तर कॅनचंही लिहावं लागलं असतं.

ताईंनी स्मरणिका चाळली. म्हणाल्या, "भाऊ, मशीनचा फोटू चांगला आलाय." आणि पुढचा नमुना लावला.

आज निरोप आल्यावर ती स्मरणिका शोधून काढली. फोटोत मधोमध मशीन आहे. डाव्या बाजूला हिरव्या बांगड्यांचा एक हात, नळीखाली कप धरलेला. माणूस नाही.

प्रेसमध्ये फोटो तिथपर्यंत कापायला मीच सांगितलं होतं.

ताई, चुकलो. तुमच्यासमोर म्हणायला इतकी वर्षं होती, तोंड उघडलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हणतो.

जय भीम, शालनताई.