कसं झालं ते सांगताना

बायको गेली तो रविवार होता आणि मी उत्तरपत्रिका तपासत होतो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पुढची खोली माझी. मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघं, आणि त्या आठवड्यात माझी सासू माळशिरसजवळच्या गावाहून आलेली. सकाळी नऊच्या सुमाराला बायको दारात येऊन म्हणाली, "छातीत कसंतरी होतंय. खांदाही दुखतोय."

मी मान वर न करता म्हणालो, "आई आली की तुझं काहीतरी दुखायला लागतंच."

ते वाक्य इथे जसंच्या तसं लिहितोय, कारण पुढचं वर्षभर ते मी कुणालाच सांगितलं नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांनी तिला ओवा दिला, पाठ चोळली. मग माझ्या खोलीत आल्या. जावयाच्या खोलीत त्या एरवी पाऊल टाकत नसत. पदर सारखा करत म्हणाल्या, "जावईबापू, दवाखान्यात दावून आना की तिला. घाम लई सुटलाय."

"मामी, अ‍ॅसिडिटी आहे. मागच्या वेळीही हेच निघालं होतं."

ते खरं होतं. दोनदा आम्ही घाबरून दवाखाना गाठला होता आणि दोनदा डॉक्टरांनी गोळी देऊन परत पाठवलं होतं. जे दोनदा झालं तेच तिसऱ्यांदा होणार, हे मी धरूनच चाललो. अकराला मामी पुन्हा आल्या. "रिक्षा तरी बोलवा, जावईबापू." मी म्हणालो, "एवढा गठ्ठा होऊ दे." साडेबाराला बायको स्वयंपाकघरात कोसळली. रिक्षात तिचं डोकं मामींच्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आपल्याकडे भेटायला आलेलं माणूस सतरंजीवर टेकतं, थोडा वेळ गप्प बसतं आणि मग विचारतं, "कसं झालं?" ज्याचं गेलं त्यानं सांगायचं. दुसरं कुणी आलं की पहिल्यापासून पुन्हा. दिवसातून दहा-बारा वेळा मी सांगत होतो.

पहिल्या दिवशी थोरल्या भावाला सांगितलं, "सकाळपासून दुखत होतं. अ‍ॅसिडिटी वाटली." कुणाला वाटली, हे त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यात ओवा आला. "मामींनी ओवा दिला, तिला जरा बरं वाटलं." बरं वाटलेलं नव्हतं. पण ते वाक्य आल्यावर ऐकणाऱ्यांच्या माना हलल्या आणि पुढचं सांगणं सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी, "बरं वाटलं म्हणून थांबलो." गठ्ठा आपोआप गळून पडला. पाचव्या दिवशी माझे सहकारी आले, तेव्हा मी म्हणालो, "मामी म्हणाल्या, पित्त आहे, उतरेल."

मामी त्याच खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील, असं वाटलं. त्यांनी मान पुन्हा खाली घातली. जावई चारचौघांत बोलतोय, आणि तोही शिकवणारा. आपणच काही विसरलो असू, असं त्यांना वाटलं असावं. मला तेव्हा एवढंच वाटलं, की हरकत घेतली नाही म्हणजे तसंच झालं असेल.

आमच्याकडे चूल बंद होती. शेजारच्या दोघी जावा पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. थोरली आवाज कमी न करता म्हणाली, "ह्या म्हाताऱ्यांना एक ओवा ठाऊक आणि एक हिंग. हार्टला ओवा चालतोय व्हय?"

"पोटच्या पोरीला दिला म्हणून सुटल्या," धाकटी म्हणाली. "सुनेला दिला असता तर पोलिसात गेलं असतं."

दोघींनी हसू दाबलं. मामींनी ऐकलं, मीही ऐकलं. माझ्या हातात पुस्तक होतं, त्यात डोकं घातलं.

तेराव्यानंतर गावी निघताना मामी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पिशवी खाली ठेवली नाही. "जावईबापू, खरं सांगा. मी ओवा दिला म्हून उशीर झाला का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "आता बोलून काय उपयोग, मामी."

बाहेर उभ्या असलेल्या माझ्या भावाला ते मोठं मन वाटलं. तसं तो मला नंतर म्हणालाही.

गावात मामी घरगुती औषध देणाऱ्या. बाळाचं पोट फुगलं, दात येताना ताप आला, की बायका पोर कडेवर घेऊन त्यांच्या दाराशी येत. पावसाळ्यात मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, आता कुणी येत नाही. "म्हातारीनंच बंद केलंय. आमच्या पोराला बी हात लावत न्हाय, त्ये आजारी आसलं की. आन आमची ही बी देत न्हाय तिच्याकडं."

"बरंच आहे," मी म्हणालो. "या गोष्टी डॉक्टरांवर सोडाव्यात."

हे मी मनापासून म्हणालो. तोवर ती गोष्ट मी स्वतःच खरी मानू लागलो होतो. डोळे मिटले की मामींचा आवाज ऐकू येई, पित्त हाय, उतरंल. त्यांच्या बोलीत, त्यांच्या हेलात. जे वाक्य त्या कधी बोलल्याच नव्हत्या ते मला लख्ख आठवत होतं.

मी भावी शिक्षकांना मानसशास्त्र शिकवतो. मनाच्या संरक्षण यंत्रणांवर दरवर्षी एक प्रश्न असतो. त्या वर्षी सत्राच्या शेवटी गठ्ठा तपासताना एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं. प्रक्षेपण म्हणजे काय, याखाली तिनं लिहिलं होतं, माणूस आपला दोष जाणूनबुजून दुसऱ्याच्या माथी मारतो. मी 'जाणूनबुजून'वर लाल रेघ ओढली, कडेला 'नकळत' लिहिलं आणि एक गुण कापला. मग त्या रेघेकडे पाहत बसलो. पाचव्या दिवशी ते वाक्य बोलण्याआधी मी क्षणभर थांबलो होतो. 'पचेल' म्हणावं की 'उतरेल', असा विचार केला होता. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी कुठला शब्द शोभेल, हे पाहिलं होतं.

तिचा गुण मी परत दिला नाही. पुस्तकाप्रमाणे तिचं चूकच होतं.

वर्षश्राद्धाला मामी आल्या, मेव्हणा, त्याची बायको आणि दीड वर्षाचं मूल आलं. सकाळी स्वयंपाकघरात मामी एकट्या कोथिंबीर निवडत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. ओव्यानं काही झालं नाही. उशीर माझ्यामुळे झाला. तुम्ही दोनदा येऊन म्हणाला होतात, दाखवून आणा.

त्यांनी काड्या बाजूला काढल्या. "मी? मला न्हाय आठवत."

"तुम्ही म्हणालात, मामी. घाम सुटलाय म्हणालात. रिक्षा बोलवा म्हणालात."

"न्हाय वो. मी आसं म्हनले आसते तर तुमी नेलंच आसतं की तिला." त्या माझ्याकडे पाहून थोडंसं हसल्या. वर्षभरात मी पाहिलेलं ते त्यांचं पहिलं हसू. "तुमी लई भले. मला बरं वाटावं म्हून खोटं नका बोलू. आज तिचं जेवान हाय."

मी आणखी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी चाकू मागितला, मी दिला. बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. ऐकणाऱ्यानं मानलं नाही, त्याला मी काय करणार? या विचाराला पुस्तकात काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

दुपारी पंगत बसली. भाऊ, सहकारी, शेजारच्या दोघी जावा, सगळे होते. मेव्हण्याचं पोर सकाळपासून किरकिरत होतं. ते दुडदुडत येऊन मामींच्या मांडीत शिरलं. मामींनी सवयीनं त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. "आंग कडकडीत तापलंय की गं ह्याचं. आग बाई, जरा कोमट पान्यानं..."

सून पानावरून उठली. "आत्या, द्या हिकडं. एकीला घालवलंत तेवढं पुरं."

कुणीच घास उचलेना. मेव्हण्यानं बायकोला गप्प केलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते. बायको माझी गेली होती, बोलायचा हक्क माझा होता. सकाळी दार लोटून मामींना जे सांगितलं ते इथे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि इथे ते सगळ्यांनी मानलं असतं.

"व्हय बाई, घे," मामी म्हणाल्या आणि पोर उचलून दिलं.

मी भाताचं पातेलं उचललं. "गरम आहे, कुणाला वाढू?" दोघा-तिघांनी पानावर हात आडवा धरला. बाकीच्यांना वाढत वाढत मी मामींच्या पानाशी आलो. त्यांनी वर पाहिलं.

"जावईबापू, बसा आता तुमी. सकाळपास्नं उभंच हायसा."

त्यांच्या शेजारचं पान रिकामं होतं. मी तिथे जेवायला बसलो.