घड्याळाच्या बदल्यात ठाणेदार

रुपरावजी निमजे चौतीस वर्षं हिंगण्याच्या एका कंपनीत पत्रे कापत होते, आणि चौतीस वर्षं त्यांची एकच इच्छा होती: सकाळी आठपर्यंत झोपायचं. पोरीचं लग्न, घराचा स्लॅब, मूळव्याध, सगळं यथावकाश झालं. झोप तेवढी राहिली. कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर यायची, म्हणजे साडेचारला उठणं आलंच. मार्चमध्ये ते रिटायर झाले. निरोप समारंभात शाल, नारळ आणि गजराचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ निवडणाऱ्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या अंगावर शाल असताना शोभत नाहीत. घरी आल्यावर घड्याळ खोक्यासकट कपाटावर गेलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला कोंबडा आरवला. कंपनीनंसुद्धा त्यांना इतक्या लवकर कधी उठवलं नव्हतं.

इतवारीच्या मागच्या त्यांच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. निमज्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या कौसल्याबाईंची सांदवाडी, म्हणजे घरामागची हातभर मोकळी जागा, आणि तिथे पाच कोंबड्या न्‌ एक कोंबडा. कौसल्याबाईंचा भाजीचा ठेला होता. पहाटे कॉटन मार्केट गाठायचं, तर कोंबड्यावाचून त्यांचं भागत नव्हतं. त्याचं नाव ठाणेदार. चालायचा असा की गल्ली त्याच्या बापाची. तो काही नवा नव्हता, पण नोकरीत असताना रुपरावजी असे मेल्यासारखे झोपायचे की छातीवर उभा राहून आरवला असता तरी त्यांना कळलं नसतं.

चार दिवसांनी ते कौसल्याबाईंच्या दारात गेले.

"तुमचा कोंबडा लय लवकर आरवते जी."

"मंग? तुमाले इचारून आरवाव का त्यानं?"

"मले झोप पायजे, वहिनी."

"चौतीस वर्सं उठतच होते ना भाऊजी? आता काहून जीवावर येते?"

रुपरावजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खिडकीतून बादलीभर पाणी टाकून पाहिलं. ठाणेदारानं अंग झटकलं आणि ताजातवाना होऊन आणखी आठ वेळा आरवला. जूनमध्ये त्यांनी वॉर्डाच्या ऑफिसात अर्ज दिला. 'सदर कोंबड्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या प्रकृतीस धोका निर्माण झाला असून', वगैरे वगैरे. खाली गल्लीतल्या सोळा जणांच्या सह्या. त्यातले निम्मे कौसल्याबाईंकडून गावरान अंडी नेत होते, पण सही करायला कोणाचं काय जातं?

जुलैत मात्र त्यांना निमज्यांच्या घराण्याला शोभणारा उपाय सुचला: रस्सा. आखाड चालू होता, श्रावणाच्या आधी सगळी गल्ली महिनाभराचं खाऊन घेत होती. एका शनिवारी सकाळी ते पुन्हा शेजारी गेले आणि ठाणेदार विकत मागितला.

कौसल्याबाई म्हणाल्या, "देतो ना. त्याचंही वय झालं. पण मंग मले उठवन कोन?"

रुपरावजींना कपाटावरचं खोकं आठवलं, आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना कंपनीबद्दल प्रेम वाटलं. पाच मिनिटांत घड्याळ शेजारी गेलं आणि ठाणेदार त्यांच्या काखेत आला.

घरच्या दारात त्यांच्या पत्नी शामलाबाई उभ्या होत्या.

"मसाला वाट वं!" रुपरावजी ओरडले.

"कायचा मसाला? काल श्रावण लागला!"

रुपरावजींची पक्की समजूत होती की श्रावण सोमवारी लागतो. त्यांना श्रावणातला सोमवारच तेवढा माहीत होता, कारण त्या दिवशी डब्यात साबुदाणा निघायचा. बाकीचा महिना कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे खातं बायकोकडे होतं.

"आता पोळ्याच्या करीपरेंत या घरात अंडंही फुटनार नाई," शामलाबाईंनी निकाल दिला.

"मंग याले ठेवू कुठी?"

"तुमीच आनला, तुमीच पाहा."

रुपरावजी उलट्या पावली शेजारी गेले. कौसल्याबाईंनी हात वर केले. आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा तर त्या घड्याळाचंच कौतुक सांगत बसल्या. "लय गुनाचं हाये, भाऊजी. मी उठेपरेंत बिचारं वाजतच राहते."

तर ठाणेदार आता निमज्यांच्या सांदवाडीत राहू लागला, म्हणजे खिडकीच्या चार हात आणखी जवळ. कोणीतरी सांगितलं की कोंबड्याला मान ताठ करता आली नाही तर आरवता येत नाही. रुपरावजींचा चेहरा खुलला. हे तर त्यांचं कामच! दोन दिवस खपून त्यांनी पत्र्याचा बुटका खुराडा केला, कडा दुमडलेल्या, कुठे एक फट नाही, मापात सूतभरही इकडचं तिकडे नाही. पावणेचारला ठाणेदार मान वाकवून आरवला, आणि पत्र्यानं तो आवाज दुप्पट करून दोन गल्ल्या पलीकडे पोचवला. सकाळी सहीवाले सोळाही जण निमज्यांच्या दारात होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वॉर्डाच्या ऑफिसातून एक माणूस कागद घेऊन आला.

"अर्जदार कोण?"

"मी," रुपरावजी म्हणाले.

"कोंबडा कोणाचा?"

मागून ठाणेदारानं स्वतःच उत्तर दिलं. त्या माणसानं कागदाकडे पाहिलं, मग रुपरावजींकडे पाहिलं, आणि पाणी पिऊन निघून गेला. जाताना मात्र त्याला हसू आवरलं नाही, हे शामलाबाईंनी नंतर गल्लीभर सांगितलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर, आणि त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक. गावातली सगळी पीडा त्या बाहुलीच्या माथी मारायची आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायची. रुपरावजी दरवर्षीसारखे बघायला गेले. इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' असा गलका चालला होता, आणि त्यातून ओळखीचे सोळा आवाज उठले: "निमज्याचा कोंबडा घेऊन जा गे मारबत!"

रुपरावजींनी वळून पाहिलं. मग तेही बोंबलले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

घरी येऊन त्यांनी ठाणेदाराला काखेत घेतलं आणि कोपऱ्यावरचं खाटकाचं दुकान गाठलं. महिनाभर त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं दाणे टाकले होते. खोटं कशाला सांगू, दुकानाच्या पायरीवर त्यांचा हात ढिला पडला. ठाणेदारानं एक डोळा तिरपा करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुपारी अडीच वाजता, काही कारण नसताना, त्यांच्या कानात आरवला. हात पुन्हा घट्ट झाला.

रस्सा असा झाला की नाकातून, डोळ्यांतून पाणी. सोळा जणांकडे वाट्या गेल्या, कौसल्याबाईंकडे डबाच गेला. जुनं हाड होतं, चावताना दाढा दुखल्या, तरी रुपरावजींनी मांडीचा तुकडा चोखून चोखून पांढरा केला. नऊ वाजता ते आडवे झाले. "उद्या मले आठच्या आंदी कोनी उठवाचं नाई," असं त्यांनी बजावून सांगितलं, आणि इतके सुखावले होते की बायकोला न विचारता पंखा पाचवर केला.

पावणेचारला त्यांचे डोळे उघडले.

आधी त्यांना वाटलं, सवय आहे. मग वाटलं, कानात काही झालंय. मग ते उठून बसले. भिंतीपलीकडे काहीतरी किणकिणत होतं, बारीक आवाजात, न थकता, न थांबता. महिनाभर ठाणेदाराच्या आरडाओरडीत ते कोणाला ऐकूच आलं नव्हतं. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. कौसल्याबाई काही उठेनात. रस्सा त्यांनाही चढला होता.

"काय वाजून राहिलं वं हे?" रुपरावजींनी विचारलं.

शामलाबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तुमचंच हाये. कंपनीनं देल्लं."

त्यांनी अंगावरचं पांघरूण फेकलं. चौतीस वर्षांच्या नोकरीचं बक्षीस शेजारी वाजत होतं, पुढेही रोज वाजणार होतं, आणि त्याचा रस्सा होण्यासारखा नव्हता.

रुपरावजी उठले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.