कानाचा खडक

लव्हॉन एकतीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी तिच्या तोंडातली जेवणाची रांग काही सुटलेली नाही. दर गुरुवारी सकाळी सहाला ती गावातल्या आठ-नऊ म्हाताऱ्यांना घेऊन वाळवंटातल्या एखाद्या झऱ्यावर नाहीतर धबधब्यावर निघते. गळ्यातली शिट्टी फुंकते आणि सुरू होते, "बाटल्या दाखवा! भरलेल्या! रांग सोडायची नाही! डेल्बर्ट, टोपी!"

डेल्बर्ट एक्क्याऐंशीचा. जमीनमोजणी खात्यात मोठा साहेब होता. टोपी मात्र मुकाट्याने घालतो.

पण शिट्टी ज्याच्या गळ्यात तो पुढे चालणार, आणि या वसंतात त्याचा डोळा शिट्टीवर होता. त्याचं प्रत्येक वाक्य "माझ्या माहितीप्रमाणे" असं सुरू होतं, आणि ते म्हणताना तो पँट वर ओढतो.

"माझ्या माहितीप्रमाणे, लव्हॉन, मागच्या गुरुवारी मी तुला तीन हाका मारल्या."

"मग चौथी मारायचीस."

"चेष्टा नको. घळीत वरून पाण्याचा लोंढा आला तर तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. पुढे चालणाऱ्याचे कान धड नकोत?"

"माझे कान धड आहेत. तू पँट ओढतोस तेसुद्धा ऐकू येतं मला."

सगळे हसले, पण लोंढ्याचं बोलणं कुणाला खोडता येईना. म्हणून ठरलं, कानाच्या खडकावर निकाल लावायचा.

हा खडक स्पूनर घळीत आहे, धबधब्याच्या दोन वळणं अलीकडे. तिथवर पाणी वाळूखालून जातं, पायाखाली सगळं कोरडं. खडकापाशी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि धबधबा ऐकू आला की काठी वर करायची, अशी जुनी रीत. लव्हॉनची काठी दरवर्षी पहिली. यंदाही पहिली वर गेली तर शिट्टी तिची, नाहीतर डेल्बर्टची.

खरं सांगायचं तर लव्हॉनला तो धबधबा तीन वर्षं ऐकू येत नव्हता. सगळे गप्प झाले की ती मनात पाच आकडे मोजायची आणि काठी उचलायची. शाळेने हातातलं ओगराळं काढून घेतल्यापासून तिच्याकडे एवढी एक शिट्टीच तर उरली होती.

त्या गुरुवारी सगळे खडकाशी पोचले. गप्प झाले. एक, दोन, तीन, चार, पाच. लव्हॉनची काठी वर! डेल्बर्टची तिच्या पाठोपाठच. "ओहो, आज तर काय जोर आहे! माझ्या माहितीप्रमाणे, वरचा बर्फ वितळलाय." मग पटापट सगळ्यांच्या काठ्या वर.

एकटी आर्डिथ तशीच उभी. आर्डिथ म्हणजे माझी आजी. ती बोलते इतकं हळू, की तिचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

"मला नाही बाई काही ऐकू येत," ती म्हणाली.

"अगं आर्डिथ, कानातलं यंत्र चालू कर!" डेल्बर्ट ओरडला.

"माझ्याकडे यंत्रच नाही."

"मग घे की एखादं!"

दोन वळणं संपली आणि धबधबा समोर आला. म्हणजे धबधब्याची जागा आली. उंच कडा, त्यावर लांबलचक काळा डाग, खाली भेगा पडलेला चिखल. हिवाळ्यात बर्फच पडला नव्हता. पाण्याचा थेंब नाही.

कुणी कुणाकडे बघेना.

लव्हॉनने गळ्यातली शिट्टी काढून डेल्बर्टपुढे धरली. "तीन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. घे."

डेल्बर्टने पँट वर ओढली. "माझ्या माहिती..." म्हणाला आणि अडला. मग टोपीच्या काठाखालून पुटपुटला, "माझी दोन वर्षं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही तर तुमच्या दोघांच्या काठ्या बघून वर करतो."

"श्श!" आजीने सगळ्यांना गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "टप टप वाजतंय. तिकडे, डावीकडे."

"डावीकडे? मग ती नेच्यामागची कपार!" लव्हॉन म्हणाली. ती दगडावरून बसत बसत सरकली, नेचे बाजूला केले आणि आत हात घातला. हात ओला! कपारीत ओंजळभर गार पाणी होतं, वरून थेंब थेंब पडत होतं. एकेकाने रुमाल बुडवून मानेवर ठेवला. सगळ्यांचं झाल्यावर लव्हॉनने शिट्टी आजीच्या गळ्यात घातली.

"मी? पुढे?" आजी घाबरली. "अगं, दुकानासमोर लावलेली गाडी मला अर्धा तास सापडत नाही!"

"पुढे कोण सोडतंय तुला? पुढे मीच. तू माझ्या मागे. पाय माझे, कान तुझे."

डेल्बर्टने टोपी काढली आणि ओला रुमाल डोक्याला बांधला.

परत निघाल्यावर शंभर पावलांवर आजीने शिट्टी फुंकली. बाकीचे थांबले, लव्हॉन तेवढी चालतच राहिली. मग आजीने तिच्या पाठीला काठीचं टोक हळूच लावलं.

"काय गं? लोंढा?"

"नाही, त्याची टोपी कपारीपाशी राहिली."

लव्हॉन वळली. "डेल्बर्ट, टोपी!"