तांबेमामांची फुंकर

तांबेमामा जिना चढताना भांडायचे. खोटं नाही सांगत. भोईवाड्यातल्या आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर त्यांच्या चाळीचा उघडा लाकडी जिना, त्यामुळे मला रोज दिसायचं. गिरणीची पाळी सुटली की मामा यायचे आणि पहिल्या मजल्यावर थांबून कुणावर तरी घसरायचे. ही गोधडी इथे कुणी वाळत टाकली, माणसांनी जायचं कुठून? दुसऱ्या मजल्यावर नळ गळतोय म्हणून आरडाओरडा. तिसऱ्यावर भांडायला माणूसच सापडला नाही तर कठड्याला धरून कौलावरच्या कावळ्याला शिव्या. तोंडसुख घेऊन झालं की पुढचा जिना. सगळे म्हणायचे, तांबे म्हणजे एक नंबर भांडकुदळ. मी पण म्हणायचे.

मग मला परळच्या एका हॉस्पिटलात टायपिस्टची नोकरी लागली. तिथे आजारावर संशोधन चालतं. तिथे मी एक यंत्र बघितलं, पाण्यात पालथं घातलेलं पत्र्याचं पिंप. त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला तोंडात धरायची पितळी तोटी. छाती भरून फुंकायचं, पिंप वर जातं. किती वर गेलं त्यावरून छातीत दम किती ते कळतं. आणि ते बघताना एकदम माझ्या डोक्यात आलं की मामा भांडत नव्हतेच. ते दम खात होते! नुसतं उभं राहून धापा टाकल्या तर लोक बघतात, कीव करतात, मुकादमाच्या कानावर जातं. भांडणाऱ्या माणसाला थांबायला कारण लागत नाही.

आता हे कोण ते सांगते. आम्ही मालवणकडचे. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. तांबेमामा त्याच गिरणीत कार्डिंगला, जिथे कापूस पिंजतात. कार्डिंगमध्ये हवा नसतेच, कापूसच असतो. नाकात, पापण्यांवर, डब्यातल्या भाकरीवर. मामा रत्नागिरीकडचे, नुकतेच बौद्ध झालेले. त्यांची सगळी चाळच बौद्ध झाली होती. आणि त्यांच्या माणसांना साचेखात्यात घेतच नाहीत. का? तर साच्यावर धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीतलं, सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. तिथे यांचं उष्टं कसं चालेल? म्हणून यांनी आयुष्यभर कापूस खायचा. हे लिहिताना पण माझं डोकं फिरतंय.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना गिरणीतल्या माणसांच्या छातीचा अभ्यास करायचा होता. औषध नाही, सुई नाही, पैसे पण नाहीत. आपणहून यायचं, फुंकायचं, एक कप चहा प्यायचा. तर कोणी येईना! कोणी म्हणे रक्त काढून विकतात, कोणी म्हणे दम कमी निघाला की गिरणीतून काढतात. सगळ्यात आधी आले ते तांबेमामा. मला टाइपरायटरवर टकटक करताना बघून म्हणाले, "काय गं टकटके, तू हितं हायस व्हय? मंग पळून जाता यायचं नाय."

त्यांचं म्हणणं एकच होतं. रविवारची सुट्टी काढून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते. गिरणीच्या डॉक्टरकडे गेलं की तो मान वर न करता सांगतो, विडी सोडा. "जन्मात विडीला शिवलो नाय मी," मामा म्हणायचे. "आधी वढतो, मंग सोडतो, असं सांगू काय त्याला?" त्यांना एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी शिकलेल्या माणसाने बघून सांगावं, हे विडीचं नाही, कापसाचं आहे.

पहिल्यांदा फुंकलं तेव्हा पिंप जरासं हललं आणि बसलं. मामा म्हणाले, गंजलंय. डॉक्टरांनी तोटी पुसून स्वतः फुंकून दाखवलं तर पिंप गेलं टोकाला. मामा म्हणाले, "तुमी भात लई खाता, डॉक्टर." सगळे हसले, डॉक्टर पण हसले. पण मी मामांचा हात बघत होते. टेबलाची कड घट्ट धरलेली होती.

त्यानंतर मामांनी कार्डिंगच्या सगळ्या दोस्तांना ओढून आणलं. नाही म्हणणाऱ्याला म्हणायचे, "फुंकर माराया गिरणी पगार कापत नाय, चल." डॉक्टर खूश. म्हणाले, आता साचेखात्यातली माणसं आण, म्हणजे जास्त कापसातली छाती आणि कमी कापसातली छाती शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. मी बाबांच्या मागे लागले. जेवताना, झोपताना, तेच. शेवटी बाबा तयार झाले आणि त्यांचे दोस्त सावंतकाका आणि आणखी साचेवाले घेऊन आले. मी काय खूश झाले होते!

सावंतकाकांनी खोलीत पाऊल टाकलं, बाकावर बसलेले मामा बघितले, तोटी बघितली, आणि विचारलं, ह्या नळीत आधी कोण फुंकलंय? मी म्हटलं, स्पिरिटने पुसतो आम्ही. तरी बाबांनी हात मागे घेतला. माझ्या बाबांनी! दुसऱ्याचं उष्टं तोंडात घेववत नाही म्हणाले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, अहो बाबा, धोट्याला दिवसभर कुणाकुणाचं तोंड लागतं? उत्तर सावंतकाकांनी दिलं.

"धरम बदललो म्हणान थुकी बदलता काय गो?"

मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "सावंत, तुजी थुकी कंच्या देवळातली हाय?"

डॉक्टर आतून आले आणि दोन्हीकडच्यांना घरी पाठवून दिलं. मला वाटलं, हे शिकलेले, विलायतेला जाऊन आलेले, हे आता साचेवाल्यांना बोलवून झापतील. काय केलं माहितीये? दुसरी तोटी काढली, तिला लाल दोरा बांधला आणि वेगळ्या वाटीत ठेवली. कार्डिंगवाल्यांसाठी. मला म्हणाले, त्यांना सांग. मी काय सांगू? पुढच्या वेळी कार्डिंगवाले आले तेव्हा मी नुसती वाटी पुढे केली. मामांनी दोरा बघितला. त्यांना विचारावंच लागलं नाही.

मामा उठून डॉक्टरांसमोर गेले. म्हणाले, मी फुंकतो, रोज म्हणाल तर रोज फुंकतो, पण एकाच तोटीत. "धुवा, उकळा, पायजे ते करा. पन सगळ्यांसाठी करा. माज्या तोंडची उकळा आनि सावंताच्या तोंडचीबी उकळा." डॉक्टर म्हणाले, प्रत्येक माणसामागे उकळत बसायचं तर स्टोव्ह, नर्स, वेळ, सगळंच वाढतं. आणि मग ते वाक्य म्हणाले जे मी मरेपर्यंत विसरणार नाही: "मला इथे छातीचा अभ्यास करायचाय तांबे, समाजसुधारणा नाही."

मामांना खूप बोलायचं होतं. पण दमच पुरला नाही. तोंड उघडलं, शब्द अर्ध्यात तुटला. हात जोडले आणि निघाले. मागून सगळे कार्डिंगवाले निघाले. हॉस्पिटलच्या जिन्यात मामा एका पायरीवर बसून राहिले आणि त्या दिवशी कुणाशी भांडलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. मामींनी चहा दिला. मी मामांना म्हटलं, गिळा ना अपमान, एकदाच. तुम्ही लोक गेलात तर तो गिरणीचा डॉक्टर विडी विडीच करत बसेल. मामा म्हणाले, "फुंकीन गं. छातीचं कळंल पन. पन मंग माज्या पोराच्या वाटीतबी लाल दोराच यील." मी चहा पिऊन परत आले.

आणि ऐका, त्याच महिन्यात मोर्चा होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. सगळा लालबाग-परळ रस्त्यावर. जाऊ नका म्हटलं तरी मामा गेले, सावंतकाका गेले, बाबा गेले, मी मैत्रिणींबरोबर मागे होते. लाठी सुरू झाली तेव्हा हेच सावंतकाका आणि हेच तांबेमामा एकमेकांच्या दंडात दंड अडकवून उभे होते. नंतर एका चाळीच्या दारात बायकांनी पाण्याची कळशी आणली, तांब्या एकच. मामा तोंड लावून प्यायले. सावंतकाकांनी त्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि तसाच तोंडाला लावला. मी डोळ्यांनी बघितलं! दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं तर म्हणाले, मोर्च्याची गोष्ट वेगळी. मामांना सांगितलं तर हसले. "लाठीला शिवाशिव नसते, टकटके. म्हनून ती खाताना समदे एक." मला अजिबात हसू आलं नाही. ज्या राज्यासाठी डोकी फोडून घेताय त्या राज्यात दोन तोट्या ठेवणार आहात का?

अभ्यास पुढे चालूच राहिला. फक्त साचेवाल्यांचा. कार्डिंगचे जे थोडे आकडे आले होते ते अपुरे म्हणून बाजूला. आणि निकाल काय आला? गिरणी कामगारांच्या छातीत विशेष दोष आढळला नाही. मी टाइप केलं ते. माझ्या या बोटांनी. डॉक्टरांना म्हटलं, सर, जे आजारी आहेत ते यात नाहीतच. म्हणाले, जे आले त्यांचंच लिहिता येतं. जे आले! जे हाकलले गेले त्यांना काय म्हणायचं मग? गिरणीच्या डॉक्टरला तर सणच झाला. बघा, मोठ्या हॉस्पिटलने सांगितलंय, गिरणीच्या हवेत काही नाही, विडी सोडा.

हे मामांना सांगायला मीच गेले. तोवर त्यांचं काम सुटलं होतं. भिंतीला टेकून बसायचे, आडवं पडलं की जीव घाबरायचा. सगळं ऐकून घेतलं. रागावतील वाटलं होतं. बराच वेळ दम गोळा केला आणि म्हणाले, "टकटके, मेल्यावर फुंकायला लागत नाय ना?"

मला कळेना. मग हळूहळू बोलले. मी गेलो की माझी छाती तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरला दे. फाडून बघू दे आत काय आहे, विडी की कापूस. मामी आतून ओरडत बाहेर आल्या, भरल्या घरात असलं काय बोलता म्हणून. मामा म्हणाले, "जाळनारच हायस ना? आधी बघू दे त्यास्नी. मेलेल्या मान्साचं उष्टं नसतं." दोन दिवस मामी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, हो म्हणून.

दिवाळीच्या आधी मामा गेले. मामींनी शब्द पाळला. आधी हॉस्पिटल आणि मग स्मशान. बाबा पण आले होते, सगळ्यात मागे उभे होते. घरी येऊन म्हणाले, "माणूस चांगलो होतो." मी म्हटलं, चांगला होता तर तोटीला तोंड का नाही लावलंत? आई म्हणाली, गप बस. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, इतकी वाईट छाती मी फार कमी बघितली आहे, आणि घरचे शपथेवर सांगतात की माणूस विडी ओढत नव्हता. पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, कार्डिंगवाल्यांना पुन्हा बोलवायला पाहिजे. पत्र घे. मी कागद चढवला. बोटं मात्र मांडीवर ठेवली.

"तोटी कुठली, सर?" मी विचारलं.

ते बघत राहिले. मी पण बघत राहिले. मान खाली घातली नाही. मग डॉक्टर खोलीत गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला, नर्सला सांगत होते की स्टोव्ह पेटवा आणि मोठं पातेलं ठेवा, सगळ्या तोट्या एकत्रच उकळू.

मी पत्र टाइप केलं. कार्डिंगवाले येतील, मला माहितीये, मामांच्या शब्दावर येतील. पण माझा राग जात नाही आणि मला तो घालवायचा पण नाही. एवढंच होतं ना ते? एक पातेलंभर पाणी. स्टोव्ह तिथेच होता, रोज त्याच्यावर आमचा चहा उकळत होता.