शालनताई आणि उसवलेली शिवण

शालनताई गेल्याचं मला त्यांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं फोन करून कळवलं. सकाळची वेळ, दूध तापत ठेवलेलं. "वहिनी, आपल्या शालनताई गेल्या हो," तो म्हणाला. आणि मी काय म्हणावं? "असं कसं? मंगळवारी तारीख आहे." मृत्यूच्या बातमीला असं उत्तर देणारी बाई मी एकटीच असेन. त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या, छातीत दुखतंय एवढंच मला सांगितलं होतं, आणि मी वर त्यांनाच दटावलं होतं की मंगळवारच्या आत बऱ्या व्हा. तारीख म्हणजे कोर्टाची. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, संगीताचा, पंचवीस वर्षांपूर्वी खून झाला होता आणि खुनी सापडला नव्हता. त्या तपासाच्या मागे ही बाई हात धुऊन लागली होती. एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. शिवायला टाकलेला ब्लाऊज मात्र सांगितलेल्या दिवशी आयुष्यात कधी दिला नाही, हेही इथेच नोंदवून ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच लिहिलं पाहिजे असं मी मानत नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीखाली त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, एक मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, त्यावरही बहुतेक वेळा कापडंच. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. ऑफिसातून येताना ब्लाऊज झाला का विचारायचं आणि "उद्या" हे उत्तर ऐकून वर यायचं, अशी आमची ओळख वाढली. बाई एकटी, लग्न केलेलं नाही, बोलणं तुटक. कुणी ब्लाऊज घट्ट झाला म्हणून तक्रार घेऊन आलं तर ब्लाऊजकडे न बघता त्या गिऱ्हाइकाकडे बघायच्या. पण लगेच आतली शिवण उसवून तो सैलही करून द्यायच्या, कारण प्रत्येक ब्लाऊजला आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायची त्यांची पद्धत होती. ते दुहेरी दुमडून, वरून टीप मारून टाकायचं. माझ्या बहिणीनं एकदा टोचतं म्हणून कुरकुर केली, तर म्हणाल्या, "बाईचं अंग काय एकसारखं ऱ्हातं का?" मी त्यांच्याकडे वीस वर्षं कपडे शिवून घेतले, आणि खरंच, माझा एकही ब्लाऊज वाया गेला नाही.

संगीताबद्दल त्या मला फार उशिरा बोलल्या. मी निवृत्त झाल्यावर दुपारची त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले, तेव्हा हळूहळू एकेक निघालं... घर मूळचं हडपसरकडचं, शेती करणारं. आई-वडील लवकर गेले, संगीताला यांनीच वाढवलं, यांनीच तिचं लग्न लावून दिलं. नवरा दत्ता, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. एका दुपारी संगीता शेतातून परत आलीच नाही, आणि संध्याकाळी कालव्याच्या कडेला तिचं प्रेत सापडलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात नवऱ्याशी भांडून ती रडत यांच्याकडे आली होती. त्यामुळे पोलिसांनी विचारलं तेव्हा शालनताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, त्यानंच केलंय. पुढे कळलं की संगीताच्या ब्लाऊजवर तिच्याशिवाय आणखी कुणाचं तरी रक्त होतं आणि ते दत्ताच्याच रक्तगटाचं निघालं. झालं, शंकाच मिटली! दत्ता तीन महिने येरवड्याच्या जेलात होता. मग पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडलं आणि आरोपी सापडत नाही असा शेरा मारून प्रकरण बंद झालं. गावानं त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. कारखान्यानं कामावर घेतलं नाही. शालनताई त्याचं नावही घेत नसत, नुसतं "त्यो" म्हणायच्या. रक्तगट माझाही तोच आहे, असं मी एकदा म्हटलं होतं. त्यावर आठ दिवस माझ्याशी अबोला.

मग कुठल्याशा पेपरात त्यांनी वाचलं की जुन्या कपड्यांवरच्या रक्ताची आता नव्यानं डीएनए तपासणी करता येते आणि बंद पडलेल्या खुनांचे घरचे लोक तशी मागणी करतायत. कात्रण घेऊन तीन जिने चढून वर आल्या. म्हणाल्या, तुम्हाला सरकारी लिहिता येतं, अर्ज लिहा. मला काय, हुरूपच आला. बत्तीस वर्षांचा हात माझा! चांगला दोन पानी अर्ज टाइप केला आणि शेवटी सवयीनं लिहिलं, 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.' हे वाक्य मी स्वतः नोकरीत हजारो लोकांना टाइप करून पाठवलं होतं आणि त्याचा अर्थ काहीही केलेलं नाही असा असतो, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? तरी तेच लिहून बसले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शालनताई रागावल्या नाहीत. मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "माझ्याकडं येऊन योग्य तो ब्लाऊज शिवा म्हणता का तुम्ही? गळा केवढा, बाही केवढी, सगळं सांगता. तसं लिवा." दुसरा अर्ज तसा लिहिला. कुठलं पोलीस ठाणं, कुठला गुन्हा, कुठला कपडा, त्याचं काय करायचं, कुणाच्या रक्ताशी ताडून बघायचं. पोलिसांकडून हलेना तेव्हा तोच मजकूर घेऊन कोर्टात गेलो. वेळ लागला, चपला झिजल्या, पण आदेश मिळाला.

जप्त केलेल्या वस्तूंचं सीलबंद पाकीट पंचांसमोर उघडलं तेव्हा आम्ही दोघी हजर होतो. तपास एका तरुण निरीक्षक बाईंकडे आला होता. त्या नेमस्त आणि कामाला चोख होत्या. त्यांनी हातमोजे घालून ब्लाऊज कागदावर ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. जिथे जिथे डाग होते तिथलं कापड त्या वेळच्या तपासणीसाठी कापून नेलेलं, ते केव्हाच संपलेलं. उरलेल्याला बुरशी. त्या आम्हाला हळू आवाजात म्हणाल्या, ताई, यात आता काही मिळेल असं वाटत नाही. मी शालनताईंचा हात धरला. वाटलं, पंचवीस वर्षांनी बहिणीचा कपडा बघतायत, आता कोसळतील. त्या कोसळल्या नाहीत. जरा पुढे वाकून, हात पाठीमागं बांधून, गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तपासावा तशा त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो मीच शिवलाय. उजव्या काखेतली शिवण उसवा, कापलेलं भोक तिथवरच आलंय. आत दोन बोटं कापड दुमडलेलं हाय, ते कुणी बघितलंच न्हाई." निरीक्षक बाईंनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि प्रयोगशाळेच्या पत्रात तसंच लिहिलं, उजव्या काखेची शिवण उसवून आतली दुमड तपासावी. बाहेर आल्यावर मात्र शालनताई पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

ताडून बघायला दत्ताचं रक्त हवं होतं. निरीक्षक बाईंनी शालनताईंना आधीच बजावलं होतं, की उलटंही निघू शकतं. "निघू दे. मला खरं काय ते पायजे," असं त्यांनी उत्तर दिलं, पण उलटं निघेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नव्हतं. दत्ता सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी येऊन बसला होता. केस पांढरे, अंगात धुतलेला शर्ट. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला शालनताई, पाठ करून. त्यानं बाही वर केली आणि निरीक्षक बाईंना एवढंच म्हणाला, की हे आधीच कुणी मागितलं असतं तर मी पळत आलो असतो. ते शालनताईंनी ऐकलं.

अहवाल आला. दुमडीत रक्त मिळालं होतं. संगीताचं, आणि एका अनोळखी पुरुषाचं. तो पुरुष दत्ता नव्हता. मी ते वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग कागद घेऊन स्वतः वाचला. चार दिवस दुकान बंद. मी त्यांच्या घरी जाऊन दार वाजवलं तरी उघडलं नाही. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. पाचव्या दिवशी स्वतःच वर आल्या, हातात ज्वारीचा डबा. म्हणाल्या, येरवड्याला जायचंय, तुम्ही चला. दत्ता तिथल्या एका पिठाच्या गिरणीत कामाला होता. ज्या जेलात ठेवलं होतं त्याच्यापासून चालत दहा मिनिटांवर. गावात जागा उरली नाही तेव्हा जिथे सुटला तिथेच राहिला बिचारा. मी विचारलं, पण ज्वारी कशाला? तर म्हणाल्या, तिथं नुसतं जाऊन उभं कसं राहायचं?

रांगेत त्यांच्या पुढे दोन बायका होत्या. शालनताई मुकाट उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या दत्तानं डब्याला हात लावला, मग वर बघितलं. त्यानं गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"दाजी," शालनताई म्हणाल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. "मी चुकले. मापं न घेता कापलं मी. तुमच्या जल्माचं वाटोळं केलं."

त्यानं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "आक्का, माझी आय ह्याच दुखण्यात गेली. मरस्तोवर इचारत व्हती, दत्ता, खरं सांग. तिला आता कोन सांगनार?"

शालनताईंनी हात जोडले, ते तसेच राहिले. दत्तानं ते हात खाली केले नाहीत, माफ केलं असंही म्हणाला नाही. आणि मला त्याचं बरोबर वाटलं. त्यानं गिरणी सुरू केली, ज्वारी दळली, डबा पुसून हातात दिला आणि विचारलं, मग त्यो कोन व्हता?

त्या दिवसापासून दर पंधरा दिवसांनी शालनताई दळणाला येरवड्याला जात. कर्वेनगरात चार गिरण्या आहेत. मी चेष्टा केली तर म्हणायच्या, तिकडचं पीठ मऊ असतं. तिकडे काय बोलणं व्हायचं, मला ठाऊक नाही. पण पुढचा अर्ज त्यांनी मला तिथूनच आल्यावर सांगितला. खुनाच्या वेळी कालव्याच्या बाजूला बांधकाम चालू होतं. तिथल्या पाच माणसांची पोलिसांनी नुसती चौकशी करून त्यांना सोडलं होतं, कारण तोवर सगळ्यांची बोटं दत्ताकडे वळली होती. त्या पाचांना शोधून त्यांचे नमुने त्या रक्ताशी ताडून बघावेत, असा तो अर्ज. "माझ्यामुळं सुटले ते," शालनताई म्हणाल्या. "आता मीच धरून आणनार." मला तो आवाज अजून ऐकू येतो. त्यात रडगाणं नव्हतं. कापड हातात घेतलेल्या बाईचा तो आवाज होता. त्या अर्जाची तारीख त्या मंगळवारी होती, आणि शालनताई आदल्या शनिवारी गेल्या.

मला वाटलं, संपलं. वकील म्हणाले, अर्जदारच राहिला नाही, पुढे चालवायला मयत मुलीचा जवळचा नातेवाईक पाहिजे. मी कुणाचीच कुणी नाही, टाइप करणारी शेजारीण. आई-वडील नाहीत, शालनताईंना मूलबाळ नाही. दोन दिवस मी फाइल पुढ्यात घेऊन नुसती बसले होते आणि अक्षरशः डोकं चालत नव्हतं. वाटत होतं, एवढ्या मेहनतीनं सापडलेलं ते रक्त पुन्हा कपाटात जाणार आणि त्या पाचांतला एक कुठेतरी निवांत चहा पीत बसणार. सोमवारी दारावरची बेल वाजली. दत्ता. कपाळाला बुक्का, हातात टोपी. तो आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, आक्कानं सांगून ठेवलं हाय, त्या नसल्या तर तुमच्याकडं यायचं. कुठं सही करू?

मी अर्ज टाइप केला. या प्रकरणाच्या कागदांत त्याचं नाव मी आजवर कितीदा टाइप केलं असेल, आणि दर वेळी त्याच्यापुढे एकच शब्द, संशयित. या वेळी रकाना होता 'मयताशी नाते'. बोटं जरा थांबली माझी...

मंगळवारी कोर्टात खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज घेतला, जुनी फाइल काढली, पानं उलटली आणि मध्येच थबकला. एकदा फाइलीतलं नाव, एकदा अर्जावरचं नाव. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो, हे दत्ता म्हणजे... यातलेच का?"

"व्हय, त्योच मी," दत्ता म्हणाला. "संगीताचा नवरा."

कारकुनानं शिक्का मारला आणि पुढची तारीख दिली.