रशियाची पात

शीलाला लग्नाची हळद लागली ती नेमकी दहावीच्या इतिहासाच्या पेपराच्या दिवशी. बाकीचे पेपर तिने दिले होते, पासही झाली. इतिहास तेवढा राहिला. कुणीतरी बापाला हटकलं तेव्हा तो म्हणाला, "तारखा पाठ करून तिले का भाकरी थापाच्या हायेत?" असल्या बापांशी वाद घालू नये, आपलाच वेळ जातो. शीला दारव्ह्याजवळच्या एका गावात सून म्हणून आली. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीवर लागला आणि सणावारालाच घरी दिसू लागला. ती वस्तीतल्या बायकांच्या टोळीबरोबर कापूस वेचू लागली. पोरं झाली, वर्षं गेली, इतिहास राहिला तो राहिलाच.

मग गावातल्या अंगणवाडीची सेविका निवृत्त व्हायला आली. बाई कामाला टापटिपीची, मनाने नव्हे. बौद्ध वस्तीतल्या पोरांना ती सगळ्यांत शेवटी बसवायची आणि त्यांच्या वाटीत खिचडी वरून टाकायची. पळी वाटीला लागू नये म्हणून. निम्मी खिचडी पोरांच्या मांडीवर पडायची. पोरं हसत ती वेचून खायची. आया हसत नव्हत्या.

तालुक्याच्या पर्यवेक्षिका चौकशीला आल्या तेव्हा वस्तीतल्या बायकांनी त्यांना गाठलं. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "जागा जूनअखेर भरायची आहे. तुमच्यातली दहावी पास बाई असेल तर पहिला विचार तिचाच होईल. नसेल तर भगवानरावांची सून अपेक्षा आहेच, तिचा अर्ज आलाय." सगळ्या बायकांनी एकदम शीलाकडे पाहिलं.

"मार्चात परीक्षा हाये. बस तू," शकुबाई म्हणाली. शकुबाई टोळीची म्होरकी, नात्याने शीलाची मावससासू, जिभेने कोणाचीच नाही.

"अवं मावशी, मले आता का आठवते?"

"नाई आठवत त आमी आठवण करून देऊ. पोरायच्या वाटीत नीट पळी पडली पायजे, बस."

पुस्तक शेजारच्या ममताचं होतं. ती त्याच वर्षी दहावीला होती, म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीपुरतंच मिळालं. शीला चुलीपुढे बसून वाचायची आणि अडलं की ममताला हाक मारायची. महायुद्धं कळली, मारामाऱ्या कोणालाही कळतात. शीतयुद्ध काही केल्या डोक्यात शिरेना.

"दोघं वैरी, अन् लढाई झालीच नाई? मंग पाठ का कराव वं?"

"अवं काकू, लढाई नाई झाली म्हणून त एवढं लिवलं! झाली असती त लिवाले कोन उरलं असतं?"

दुसऱ्या दिवशी भगवानरावांच्या वावरात वेचता वेचता शीलाने हे सारं टोळीला सांगितलं. शकुबाईला ते ताबडतोब उमगलं. "म्हंजे भगवानराव अन् त्याचा भाऊ. बोलत नाईत, पन एकानं बोअर मारला का दुसऱ्यानं मारलाच."

"तसंच. फक्त यायच्यापाशी बॉम्ब हायेत."

"भगवानरावापाशी असता त त्यानं कवाचाच टाकला असता!"

सगळं वावर हसलं. ती वर्षं काही हसण्याची नव्हती. बोंडं किडकी, बाजारात भाव नाही, आणि गावात कुणाच्या दारापुढे गर्दी दिसली की काय झालं ते विचारावं लागत नसे. पण बायका वावरात गेल्या की गायच्या. टोळीची जुनी रीत होती. वेचताना दोन पाती, म्हणजे बायकांच्या दोन रांगा, धरायच्या. एका पातीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने जबाब द्यायचा. जी पात हरेल तिने विहिरीवरून पाणी आणायचं. विहीर वावराच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्या हंगामात टोळीतल्या मथुराबाईची पात अमेरिका झाली आणि शकुबाईची रशिया. शीला रोज सकाळी धडा सांगायची, बायका त्याची गाणी करायच्या. नाटो कोणाचा, वॉर्सा करार कोणाचा, सगळं कपाशीच्या पऱ्हाटीतून घुमायला लागलं.

"बर्लिन शहरात बाई भिंत घातली कोनी?"

"आमीच घातली बाई, तुमची कायले रडगाणी?"

शीलाला आतून उकळी फुटायची. जे वाचून डोक्यात राहत नव्हतं ते आपोआप ओठावर येत होतं. पेरणीच्या ओळींसारखा इतिहास सरळ लागून राह्यलाय, असं तिला वाटे.

पण धडा पुढे सरकला तशी पंचाईत झाली. क्युबामधून रशियाने क्षेपणास्त्रं परत नेली. पाणी शकुबाईने आणलं. अफगाणिस्तानातून रशियाचं सैन्य माघारी गेलं. पाणी पुन्हा शकुबाईने आणलं. शेवटी सोव्हिएत संघ फुटला असं शीलाने सांगितलं, तेव्हा शकुबाईने डोक्यावरची कळशी खाली आदळली.

"आमी काय रोजच पानी आनाव? बदलव तुह्यं ते पुस्तक!"

"मावशी, तसं झालंच हाये ना."

"तू गेलती पाहाले?"

शीला हसली, आणि तिचं चुकलं ते इथे. पण चिडून पात सोडून बसलेली म्हातारी समोर असताना दुसरं काय करणार? शकुबाईने नवे जबाब बांधले. क्युबात अमेरिकाच पाया पडली. आणि संघ फुटला त्याचं तर तिने भलतंच सुंदर गाणं केलं:

"रशिया ना फुटला बाई, लेकरं वायली निघाली,
माय घरची मालकीण, चूल तिचीच राहिली!"

मथुराबाईच्या पातीला यावर जबाब सुचेना. त्या पाण्याला गेल्या. हे गाणं सगळ्यांत जास्त गाजलं. दिवाळीची सुट्टी संपली, पुस्तक ममताकडे गेलं, वेचणी फरदडीपर्यंत, म्हणजे झाडावरच्या शेवटच्या कापसापर्यंत, चालली, आणि फरदड संपेपर्यंत बायका तेच गात राहिल्या.

मार्चात टोळीने तिला दारव्ह्याच्या जीपमध्ये बसवलं. शकुबाईने ड्रायव्हरला बजावलं, "सांभाळून ने बे, आमची बाई हाये ते."

प्रश्नपत्रिका हातात आली आणि शीलाचा जीव भांड्यात पडला. क्युबाचा पेचप्रसंग होता. सोव्हिएत संघाच्या विघटनाची कारणं होती. ती मनात सूर धरून भराभर लिहीत गेली. अमेरिकेने माघार घेतली, लिहिलं. घटक राज्ये वेगळी निघाली परंतु मूळ घराची चूल, लिहिलं, आणि पेन थांबलं.

चूल?

तिने ते खोडलं. वरचंही खोडलं. हे आपण बदललं होतं हे तिला पक्कं आठवत होतं. नेमकं काय बदललं ते आठवेना. माघार नक्की कोणी घेतली? पाणी कोणी आणलं होतं? ती डोळे मिटून पुस्तकाचं पान शोधू लागली, तर पानाच्या जागी शकुबाईचा चढा आवाज आणि मागून हसणाऱ्या बायका. दुसऱ्या प्रश्नांकडे वळली, तिथेही प्रत्येक ओळीवर शंका. जे बरोबर होतं तेही तिने खोडलं. घंटा झाली तेव्हा पर्यवेक्षकाने कागद तिच्या हाताखालून ओढून घेतले.

जूनमध्ये निकाल आला. ममता पास. शीला नापास. इतिहासातच.

त्या संध्याकाळी विहारापुढे सगळी टोळी जमली. शीला पदर घट्ट लपेटून उभी होती.

"शीतयुद्ध नव्हतं आलं का पेपरात?" मथुराबाईने विचारलं.

"आलतं."

"मंग? आपुन त सारं पाठ केलतं!" शकुबाईचा आवाज चिरकला. "झोपेतून उठवलं तरी सांगतो आमी! तू काहून नापास झाली वं?"

शीलाने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काही शिकल्यासारखं वाटलं होतं. सांगितलं असतं तर त्यांतली एकही बाई पुन्हा तोंड उघडून गायली नसती, आणि शकुबाई तर तिथेच खाली बसली असती.

"मीच ढिली पडली, मावशी. घरी वाचलंच नाई."

मग एकेक बाई उठून घरी गेली.

अपेक्षाची नेमणूक झाली. मुलगी वाईट नव्हती, पहिल्या दिवशी पळी वाटीपर्यंत नेलीही. दारात तिची सासू उभी होती. तिने नुसतं खाकरलं. पळी वर गेली.

शीला कुंपणाबाहेर आपल्या पोरीला न्यायला आली होती, शकुबाई नातवाला. दोघींनी ते पाहिलं. अपेक्षा अजून तरणी होती. ती जागा आता कित्येक वर्षं रिकामी होणार नव्हती, हेही दोघींना कळत होतं.

"तुले जराशी लाज असती ना," शकुबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "त तू अभ्यास केला असता."

"हो, मावशी," शीला म्हणाली. पोर खिचडीने बरबटलेल्या फ्रॉकनिशी धावत आली. शीलाने पदराने तिची मांडी पुसली, तिला कडेवर घेतलं आणि शकुबाई दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.