तीन पळ्या

आमची लेक अडीच वर्षांची असताना औषध म्हटलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तापाचं औषध चांगलं गोड, संत्र्याच्या वासाचं होतं. तरी बाटलीच्या टोपणात मोजून घेतलेलं अर्धं माझ्या ओढणीवर आणि अर्धं तिच्या फ्रॉकवर जायचं. मी चिडायची, ती रडायची, आणि पोटात नक्की किती गेलं हे कोणालाच कळायचं नाही.

सासरे हे सगळं लांबून बघून हसायचे. ते खामगावात भिक्षुकी करतात. सत्यनारायण असो की वास्तुशांत, आमच्या भागात त्यांनाच बोलावणं येतं. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही चौघंच. नवरा वडनेर भोलजीच्या शाळेत शिक्षक, मी बाजार समितीत कारकून, त्यामुळे दिवसभर नात आजोबांच्या ताब्यात. दोघांचं मेतकूट इतकं जमलेलं की कधीकधी मला हेवा वाटायचा. सकाळची पूजा आटोपली की ती देवघरापाशी जाऊन 'आ' करून उभी राहायची. तीर्थ खरं म्हणजे तळहातावर घ्यायचं, पण तिच्या हातावरून सगळं कोपरापर्यंत ओघळायचं, म्हणून सासरे पळी थेट तोंडाशी धरायचे. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्याकडे तीर्थ तीनदाच घेतात. दोन पळ्यांवर थांबलं तर ती जागची हलायची नाही.

त्या हिवाळ्यात तिला ताप आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळी पाच मिलि औषध मीच दिलं. निघताना सासऱ्यांना बजावलं, "दुपारी अंग पुन्हा तापलं तर टोपणातल्या रेघेपर्यंत द्या. एकदाच."

"हाव, समजलं मले. जाय तू."

कामात लक्ष लागेना, म्हणून लवकर घरी आले. लेक ओसरीत भांडीकुंडी मांडून बसली होती, अंग गार होतं. बरं वाटलं. मग सहज बाटली उचलली तर ती हलकी लागली.

"बाबा, औषध सांडलं का?"

"सांडते काऊन? एक थेंब नाही सांडला." सासरे खुशीत होते. "तू उगीच झटापट करतं तिच्यासंगं. म्या पळीनं देलं. आपणहून आ केला तिनं."

"किती पळ्या?"

"तीन. दोनवर थांबते का ते?"

माझं डोकंच फिरलं. पळी घेतली, पाण्याने भरली आणि टोपणात ओतली. एकाच पळीत पाणी रेघेच्या वर गेलं. त्यांची पळी चांगली खोलगट होती, आणि त्यांनी ती काठोकाठ भरली असणार, कारण ते हात आखडून कोणालाच काही देत नाहीत.

बाटली आणि पळी पिशवीत टाकून आम्ही तिघं ऑटोत बसलो. लेक खुशीत बडबडत होती. मी मात्र तोंडाला येईल ते बोलले. औषध काय आणि तीर्थ काय, एवढाही फरक कळत नाही का, असंही म्हणाले. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं. सासरे धोतराचा सोगा हातात घट्ट धरून रस्त्याकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीचं वजन केलं. मग बाटलीवरचं बारीक वाचलं, कारण त्याच नावाचं औषध कमीजास्त जोराचं मिळतं. सकाळी किती दिलं, सर्दीचं काही दिलं का, तेही विचारलं. सर्दीच्या औषधातही कधीकधी हेच असतं म्हणाल्या. पळी पाण्याने काठोकाठ भरून ते पाणी त्यांनी सिरिंजने मोजलं, कागदावर हिशेब केला आणि मग कुठे मान वर केली.

"धोका नाही. पण आज हे औषध आता अजिबात द्यायचं नाही. उलटी झाली, पोट दुखलं तर लगेच आणा. आणलंत ते बरंच केलं. जास्त झालं तरी पोर त्या दिवशी खेळत असतं, लिव्हरचं दुखणं मागून कळतं. असंच रोज तीनदा गेलं असतं तर अवघड होतं."

त्यांनी सुई नसलेली, आकडे असलेली सिरिंज दिली आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायला शिकवलं. पळी परत देताना, ही देवघरातच राहू द्या, म्हणाल्या. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नातीला तीर्थ देणंच बंद केलं. ती 'आ' करून उभी राहायची आणि ते पळी खाली ठेवून म्हणायचे, "आईच्या हातचं घे, बाई." मी पळी पुढे केली की ती तोंड मिटायची. नवऱ्याने समजावून पाहिलं, तर त्याला म्हणाले, "माह्या हातचं नको." मला फार वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याचाही राग यायचा.

संक्रांत झाल्यावर तिचा कान ठणकायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून कानात टाकायचे थेंब दिले आणि दुखण्यासाठी तेच संत्र्याच्या वासाचं औषध पुन्हा द्यायला सांगितलं. मी सिरिंज घेऊन तिच्यामागे घरभर फिरले, विनवलं, शेवटी ओरडले. सासरे बाहेरच्या खोलीतून उठून आले.

"याच्या आधी कवा देलं?"

"सकाळी उठल्यावर."

"मंग आता चालते. आण इकडे."

त्यांनी चष्मा लावला, बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि ती खिडकीच्या उजेडात धरली. "पाह्य बरं, पाचवर हाय का?" आत हवेचा बुडबुडा होता. तो घालवून त्यांनी पुन्हा भरलं, पुन्हा मला दाखवलं. मग खाली बसून नातीला म्हणाले, "हे औषध व्हय. एकदाच." तिने तोंड उघडलं. ते गालाच्या आत थोडं थोडं सोडत गेले आणि तिने सगळं गिळलं.

गिळून झालं तरी तिचं तोंड उघडंच. ती दुसऱ्या पळीची वाट बघत होती. सासऱ्यांनी रिकामी सिरिंज माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी देवघरात गेले, पंचपात्र आणि पळी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिला तीनदा तीर्थ दिलं. तिसरी पळी त्यांनी काठोकाठ भरली, आणि निम्मं तिच्या फ्रॉकवर सांडलं.